काट्यावरचं खातं

पहाटेचे सव्वाचार. जानेवारीतली थंडी, आणि उशाशी फोन थरथरतोय. पलीकडे तात्या. त्यांच्यामागे ट्रॅक्टरची धडधड, कुणीतरी मोठ्यानं लावलेलं गाणं, मधूनच बैलांच्या घुंगरांचा आवाज. "ताई, झोपला होता व्हय?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "हे मशीन मला कायतरी बोललंय. वाचतो, ऐका." मग एकेक अक्षर यायला लागलं. "आर, ई, एस, टी, आर, आय..." अर्धवट झोपेत मी ती अक्षरं जुळवत होते, आणि सातव्या-आठव्या अक्षराला लख्ख जागी झाले. रिस्ट्रिक्टेड. "म्हंजे बंदी ना ओ?" तात्या म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं, एकदम खालच्या आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं. "चोवीस वर्षं काट्यावर हाय ताई. माझ्यावर कुणाचा संशय हाय का?"

पाळीचा अहवाल मी घरूनच काढून पाठवला. झोप गेली ती गेलीच.

कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि उसाच्या काट्यावर काय चालतं तेही आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायला नको. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते, आणि त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर एका घराचं वर्ष ठरतं. म्हणून तर 'काटामारी' हा शब्द आमच्या भागात शाळकरी पोरांनाही माहीत असतो. माझा संबंध फक्त एका सर्व्हरपुरता. काट्यावरची वजनं त्याच्याकडे येऊन साठतात, आणि तो धडधाकट ठेवायचे मला पैसे मिळतात. पाळी बदलली की काट्यावरच्या माणसानं लॉगिन करून अहवाल काढायचा, शेती खात्याला पाठवायचा, एवढंच काम. त्या माणसाला वजनांच्या फाइलीला हात लावता येऊ नये हे मी ठरवलं, त्यात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. 'काटा' नावाचं खातं उघडलं, त्याला आरबॅश दिला, चहा गार व्हायच्या आत मोकळी झाले.

बॅश म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा मशीनकडून करून घेणारा प्रोग्राम, अशा प्रोग्रामला शेल म्हणतात. आरबॅश म्हणजे वेगळं काही नाही, सोवळ्यातला बॅश. प्रोग्राम तोच, १९८९ साली ब्रायन फॉक्सनं लिहिलेल्या बॅशचा वारस. फक्त आर लावून हाक मारली की तो शिवाशिव पाळायला लागतो. सीडी करून दुसऱ्या फोल्डरात जायचं नाही. आज्ञेच्या नावात तिरपी रेघ चालणार नाही, म्हणजे पूर्ण पत्ता देऊन कुठलाही प्रोग्राम उठवता येणार नाही. बाणाची खूण वापरून फाइलीत काही लिहायचं नाही. आणि पाथ, म्हणजे आज्ञा कुठकुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, तिला तर बोटही लावायचं नाही. मी एक छोटं फोल्डर केलं, त्यात चार आज्ञांच्या लिंका ठेवल्या, पाथमध्ये तेवढं एकच फोल्डर लिहिलं. झालं. तात्यांचं जग चार शब्दांचं.

सकाळी त्यांची हिस्टरी उघडली. बॅश माणसानं टाइप केलेलं सगळं एका फाइलीत ठेवत जातो, आणि दुसऱ्याची ती फाइल वाचताना दुसऱ्याची डायरी वाचल्यासारखं ओशाळं वाटतं. कामाचा भाग म्हणून वाचायची, पण वाटायचं ते वाटतंच. तात्यांच्या फाइलीत पहाटे चारनंतरच्या ओळी अशा होत्या: सीएलएस. मग सीडी आणि त्याला चिकटून दोन टिंबं. परत सीडी-दोन टिंबं. मग सीडी, जागा सोडून, काटा. परत तेच. मग हेल्प. मग नुसतं हे, एच आणि ई, अर्धवट सोडलेलं. मग एक्झिट.

पहिल्यांदा नुसतीच वाचली. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की ही डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याची बोटं आहेत. काट्यावर एके काळी फॉक्सप्रोमधला प्रोग्राम होता. तो सुरू करायला रोज पडदा पुसायचा, वर यायचं, काट्याच्या फोल्डरात शिरायचं, मग फॉक्स. डॉसला सीडी आणि टिंबं यांच्यात जागा लागत नसे. बॅशला लागते. त्यामुळे तात्यांना आधी 'अशी आज्ञाच नाही' असं उत्तर मिळालं, मग त्यांनी शहाण्यासारखी जागा सोडून पाहिली, तर 'बंदी'. म्हणजे माणूस चोरी करत नव्हता, कामावर आल्यावर हातपाय धुतात तसं काहीतरी करत होता. आणि मग त्यानं मदत मागितली. आरबॅशच्या सोवळ्यात हेल्पला बंदी नाही, म्हणून ती आली. पण बॅशची मदत म्हणजे दोन रकान्यांत भरलेला सगळा बाडबिस्तरा, चौकटी कंस, उभ्या रेघा, तुटलेली वाक्यं. पहाटे चारला, बाहेर गाड्यांची रांग असताना, ती 'मदत' बघून तात्यांनी दुसऱ्यांदा हेल्प लिहायला घेतलं आणि दोन अक्षरांवर हात उचलला. ती दोन अक्षरं मला फार दिवस दिसत राहिली.

मी हे असं का केलं असेल? उत्तर बहुतेक १९९८ सालात आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं. आत एसीचा गारठा, गालिच्याचा कोंदट वास, आणि एका युनिक्स मशीनला लावलेले डझनभर टर्मिनल. आम्हा पोरांना तिथे अशीच बांधलेली खाती होती. सी प्रोग्राम लिहा, चालवा, घरी जा. पण लिहायला व्हीआय नावाचा एडिटर दिलेला होता. एका सीनियरनं कानात सांगितलं की व्हीआयमध्ये कोलन देऊन त्याला त्याचा शेल कोणता ते सांगता येतं, आणि पुन्हा कोलन देऊन तो शेल उठवता येतो. केलं. समोर नुसतं डॉलरचं चिन्ह आलं. सीडी मारली, गेली! काही म्हणजे काही केलं नाही मी तिथे. वरच्या फोल्डरात उभी राहिले, एलएस मारत, म्हणजे फाइलींच्या याद्या बघत हिंडले, दुसऱ्यांच्या बंद दारांवरून चालत गेले. पण छाती अशी धडधडत होती की शेजारच्या मुलीला ऐकू जाईल. आठवड्यानं लॅबचे सर माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले. "फिरून आलीस?" मी गप्प. "पासवर्डची फाइल वाचलीस का?" मी हळूच मान हलवली. "ती सगळ्यांनाच वाचता येते. तेवढ्यासाठी खिडकीतून जायची गरज नव्हती." बस, एवढंच. पुढच्या तासाला ते व्हीआयचं भोक बुजवलेलं होतं.

तेव्हापासून बांधलेलं खातं म्हटलं की माझ्या डोक्यात पळणारा माणूस येतो. तो कुठून निसटेल याचाच मी विचार करते. तिथे कुणाला राहायचंही असतं, हे कधी मनात आलंच नाही.

आणि लाज अशी की निसटण्याच्या हिशेबातही मी काठावर पास होते. पहाटेचा फोन झाल्यावर मी ते खातं शत्रूच्या नजरेनं तपासलं. पाथची ओळ मी प्रोफाइल नावाच्या फाइलीत लिहिली होती आणि फाइल रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालक-खात्याच्या नावावर केली होती; पण होम फोल्डर तात्यांचंच होतं. फोल्डर आपलं असेल तर आतली फाइल दुसऱ्याची असली तरी पुसता येते, तिच्या जागी आपली ठेवता येते. पुसायचीही गरज नाही. लॉगिनच्या वेळी बॅश आधी बॅश-प्रोफाइल शोधतो, ती नसेल तर बॅश-लॉगिन, तीही नसेल तर प्रोफाइल. पहिली जी हाताला लागेल तेवढीच वाचतो. म्हणजे कुणी बाहेरून एक बॅश-प्रोफाइल चढवली असती तर माझी फाइल तशीच उपाशी पडून राहिली असती. अहवाल बघायला दिलेल्या लेसमध्ये उद्गारचिन्ह मारलं की तो आणखी एक शेल काढून देतो. त्यावर उपाय आहे, लेसला सुरक्षित राहायला सांगता येतं, मी सांगितलं नव्हतं. बॅशच्या माहितीपुस्तकातही स्पष्टच म्हटलंय की नुसत्या या सोवळ्यावर विसंबू नका. वजनं खरोखर ज्यामुळे सुरक्षित होती ते आरबॅश नव्हतंच. त्या फाइली दुसऱ्याच खात्याच्या नावावर होत्या आणि 'काटा' खात्याला त्या फक्त वाचायची परवानगी होती. खरं कुलूप मुकाट्यानं आपलं काम करत होतं. माणसाला बोलणारं कुलूप होतं ते लुटुपुटूचं.

आमच्या जुन्या घरी कोठीची खोली होती. तूप, गूळ, दिवाळीचे जिन्नस, सगळं आत, आणि किल्ली आजीच्या कनवटीला. ते कुलूप इतकं जुनं होतं की कडी जरा उचलून ओढली की कोयंड्यातून सुटायची, आम्हा सगळ्या भावंडांना ठाऊक होतं. आजीलाही असणार. आई या घरात आली १९७३ साली, आणि आजी गेली तोवर, म्हणजे पुढची बावीस वर्षं, तिनं रोज संध्याकाळी तूप मागून घेतलं. "कुलूप तुम्हाला नाही गं, पोरांना आहे," असं आजी दर वेळी म्हणायची. आई हसून वाटी पुढे करायची. तिला दिलेलं होतं माजघरातलं एक फडताळ. त्याच्या आत तिनं निळा कागद चिकटवला होता, कोपऱ्यात हाताएवढा आरसा, खाली शिवणाचा डबा, वरच्या खणात माहेरची पत्रं. दार उघडलं की नॅप्थलीनच्या गोळ्या आणि खोबरेल यांचा वास यायचा. आई कोठीबद्दल एकदाच बोलली, आजीच्या तेराव्यानंतर. "कधी काही म्हणाल्या नाहीत मला. पण मागावं लागायचं ना." तेव्हा मला वाटलं होतं, सुटणारं कुलूप, त्याचं काय एवढं.

त्या रविवारी बसले. आधी भोकं बुजवली: होम फोल्डर रूटच्या नावावर, बॅश-प्रोफाइल रूटची, तात्यांना लिहायला आत एक वेगळा कप्पा, लेसला सुरक्षित राहण्याची आज्ञा. हे भराभरा झालं. मग मात्र मी थांबले आणि तात्या पहाटे चारला कुठे बसतात, काय बघतात, याचा विचार करायला लागले. गंमत म्हणजे हे सगळं ज्या फाइलींत मांडायचं असतं त्या नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या, म्हणजे साध्या यादीत न दिसणाऱ्या. तेही कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं म्हणे. एलएसच्या यादीत 'हे फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' अशा दोन टिंबवाल्या नोंदी दिसू नयेत म्हणून कुणीतरी पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि सगळ्याच टिंबवाल्या फाइली अंधारात गेल्या, असं युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी लिहून ठेवलंय. आणि त्यांतल्या बॅश-आरसीमधलं ते शेवटचं आरसी आलंय रनकॉमवरून. साठच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या एका मशीनवर आज्ञांची फाइल ओळीनं चालवायची सोय होती, लुई पुझँ यांनी केलेली. शेल हा शब्दही त्यांचाच. आपण त्याला काय म्हणणार? टरफल? करवंटी? मला करवंटी बरी वाटते, निदान तिच्यात काहीतरी ठेवता येतं.

तर करवंटी सजवायला घेतली. सीएलएस मारलं की पडदा पुसला जाईल अशी सोय केली. सीडी-टिंब-टिंब चिकटून लिहिलं तरी भांडण नाही. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या खुणेत, वेळ घातली, कारण पाळी चार, बारा आणि आठला बदलते आणि तात्या सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून बघतात. हेल्पच्या नावाचं एक फंक्शन, म्हणजे आपली स्वतःची छोटी आज्ञा, लिहिलं. बॅश आपल्या पोटातल्या आज्ञेच्या आधी त्याच नावाचं फंक्शन शोधतो, त्यामुळे ती दोन रकान्यांची मदत गेली आणि तिच्या जागी चार ओळी आल्या: आजचा अहवाल असा, कालचा असा, पाठवायचा असा, अडलं तर हा फोन. न सापडणाऱ्या आज्ञेसाठीही बॅशमध्ये एक राखीव फंक्शन असतं, त्यात लिहिलं, 'हा शब्द मला माहीत नाही, हेल्प बघा.' आणि सगळ्यांत शेवटी सीडीसाठी फंक्शन. त्यातलं वाक्य चार वेळा खोडलं. 'परवानगी नाही' नको. 'माफ करा' हे तर बँकेच्या रांगेत ऐकल्यासारखं. शेवटी लिहिलं, 'हे खातं काट्यापुरतं आहे. पुढचं काम ताईंकडे.' तिरप्या रेघेवर मात्र बॅश स्वतःच बोलतो, तिथे माझं काही चालत नाही.

देवनागरीत लिहायचं होतं. लिहिलंही. माझ्या पडद्यावर बऱ्यापैकी दिसलं, तात्यांच्या मशीनवर सगळी पांगापांग. टर्मिनल प्रत्येक अक्षराला मोजून एकसारखी जागा देतं आणि आपल्या मात्रा, वेलांट्या कुणाच्या तरी खांद्यावर बसल्याशिवाय जगत नाहीत. 'काट्या'तला ट एकीकडे, या दुसरीकडे, काना तिसऱ्याच्या घरात. फोटो पाठवून तात्यांनी विचारलं, "हे मोडी हाय का?" मग मुकाट्यानं रोमन लिपीतलं मराठी केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात तसं.

त्यांना फोन करून म्हटलं, "आता ते तुम्हाला बंदी वगैरे म्हणणार नाही." "बरं बरं," तात्या म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं की जरा खूश होतील.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्यावर जायचा योग आला. हंगाम उतरणीला लागलेला, रांग आखूड झालेली. मळीचा तो गोड-आंबूस वास मात्र तसाच, गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येणारा. काट्याची खोली मी पहिल्यांदाच बघत होते. पत्र्याचं टेबल, पावत्यांचे गठ्ठे रबरात बांधलेले, अर्धी जळलेली उदबत्ती, मॉनिटरच्या कडेनं उसाची बारीक धूळ, आणि बाहेर भिंतीवर वजनाचे मोठे लाल आकडे, येणाऱ्याला दुरून दिसतील असे. गाडी नव्हती म्हणून मी काट्यावर जाऊन उभी राहिले. लाल अक्षरांत साठ आलं. "धाच्या पटीतच बोलतंय ते," खिडकीतून तात्या म्हणाले. "खरं किती ते तुमचं तुमाला म्हाईत."

चहा आला, तेवढ्यात एक ट्रॅक्टर रिकामा होऊन परत काट्यावर आला. पावती घेऊन शेतकरी खिडकीपाशीच थांबला. वय तिशीचं असेल, बनियनवर टॉवेल, डोळे रात्रभर जागून लाल झालेले. "तात्या, मागच्या खेपेपेक्षा दोन टन कमी कसं काय? ट्रॉली तीच, टोळी तीच." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असा होता. तात्या वाद घालायला गेले नाहीत. त्यांनी मॉनिटर त्याच्याकडे वळवला, आणि एका बोटानं, सावकाश, सीडी लिहिलं, जागा सोडली, वजन लिहिलं, एंटर मारलं. माझं वाक्य पडद्यावर आलं. शेतकरी वाकून वाचायला लागला, ओठ हलवत. "हे कुणी लिहिलंय?"

"मशीन सांगतंय ते."

"मशीन कुठलं? हे तर तुमीच टाइप केल्यागत हाय," तो म्हणाला, पावतीची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. चहाच्या कपावरची माशी हाकलली. मग टेबलाच्या खणातून फोन काढून एक फोटो दाखवला. अंधुक, वाकडा, मॉनिटरचे पट्टे उमटलेला. आरबॅश, सीडी, रिस्ट्रिक्टेड. जानेवारीतला. "तुमाला फोन केला ना, त्याच्या दुसऱ्या रात्री मुद्दाम परत करून काढला," ते म्हणाले. "आधी लागलं होतं मनाला. मंग म्हटलं, हे तर बरंच हाय की. कोण कुरकुरलं की समोर सीडी मारून दाखवायचो, बघ बाबा, मला बी बंदी हाय. इंग्रजीत आलं की मानायचे लोक. तुमी ते मराठी केलं आनि पंचाईत झाली. आता फोटो दावावा लागतो, फोटोवर कोन विश्वास ठेवतंय?"

माझ्या ओठांवर आलं होतं, की तात्या, तो शब्द काहीच सिद्ध करत नाही. तो फक्त 'या फोल्डरातून हलू नका' म्हणतो, वजनांचं कुलूप वेगळं आहे, ते कुणाला काही बोलतच नाही. आणि लॅबमधल्या कुठल्याही पोरानं तो शब्द कसा ओलांडला असता तेही मला माहीत आहे. पण ते खरंच वजनांना हात लावू शकत नव्हते. तेवढं खरं होतं, आणि ते दाखवायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"ते इंग्रजी परत आणता येतंय का बघा ना ताई."

मी बॅग उघडली, लॅपटॉप पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. सीडीच्या फंक्शनच्या तीन ओळी होत्या, काढल्या. "हेल्प राहू दे," तात्या घाईनं म्हणाले, "आनि ते घड्याळ बी."

"बाहेर पडून परत आत या," म्हटलं. त्यांनी एक्झिट केलं, पुन्हा लॉगिन केलं, चष्मा वर सरकवला आणि सीडी वजन लिहिलं. "आर, ई, एस," त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "फुडची गाडी घ्या रं!"